घरच्या जास्वंदीच्या तेलाला बुरशी येते आणि मलम नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ होतं, काय करावं?

बुरशीचं कारण फुलातलं पाणी. जास्वंद ओली टाकू नका, सावलीत पाकळी चुरचुर मोडेल इतकी सुकवा. पावसाळ्यात ती चिवटच राहते. तेव्हा सरळ तेलात घालून मंद आचेवर ठेवा. बारीक बुडबुडे येणं थांबलं की पाणी उडालं समजा. गाळताना फडकं पिळायचा मोह होतो, पण तळाचा ओलसर गाळ बाटलीत नको.

मलमाला नुसतं खोबरेल चालणार नाही. ते २४ अंशांच्या आसपासच वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो! तिळाचं तेल चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग घ्या. थेंबभर थंड बशीवर टाकून बोटाने दाबा. मऊ वाटलं तर मेण वाढवा. उघड्या जखमेवर मात्र लावू नका.