खुबा बदलल्यानंतरची पादत्राणे : चपलेआधी दाराजवळच्या जागेचा विचार करा

आपल्या आईंचा उजवा खुबा बदलून तीन आठवडे झाले आहेत, दिवसा त्या घरी एकट्या असतात, पट्ट्याची नवी सँडल त्यांना घालता येत नाही आणि म्हणून त्या जुनी कोल्हापुरीच मागतात, असे आपण लिहिले आहे. माझा डावा खुबा २०१९ मध्ये बदलला, त्यामुळे ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. कोणती चप्पल घ्यावी, हा आपला प्रश्न रास्त आहे. परंतु माझ्या मते त्याआधी चप्पल घालण्याची जागा सुधारायला हवी.

आपल्याकडे चपला दाराशी, उभ्यानेच, एका हाताने चौकट धरून घातल्या जातात. घरात शिरताना काढलेल्या चपलांची तोंडे आतल्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेर पडताना माणूस एक तर त्या पायाने फिरवून सरळ करतो, नाही तर चपलेत पाय सरकवून जागच्या जागी वळतो. शस्त्रक्रिया खुब्याच्या मागच्या बाजूने झाली असेल, तर मांडी आणि धड यांतला कोन काटकोनापेक्षा कमी होईल इतके वाकणे, पायावर पाय टाकणे आणि शस्त्रक्रियेचा पाय आत वळवणे या तीन गोष्टी सहसा पहिले सहा ते बारा आठवडे टाळायला सांगतात, कारण स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण भरून येईपर्यंत नवा गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते. उजव्या पायावर भार ठेवून उजवीकडे वळले की तो पाय खुब्यात आतच वळतो. शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने झाली असल्यास पथ्ये निराळी असतात, तेव्हा डिस्चार्जचा कागद पाहा आणि शंका असल्यास सर्जनना विचारा.

दाराजवळ हातांची, न सरकणारी आणि बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खालीच राहतील इतक्या उंचीची खुर्ची ठेवा. नेहमीची प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी असते आणि फरशीवर सरकते. सकाळी कामावर निघण्यापूर्वी आईंची पादत्राणे तोंडे बाहेर करून खुर्चीसमोर ठेवली, तर त्यांचे निम्मे काम होते.

पुढचे काम लांब दांड्याच्या शूहॉर्नचे, म्हणजे टाच बुटात सरकवण्याच्या पट्टीचे आहे. तो सुमारे दोन ते अडीच फुटांचा असावा. बुटांच्या दुकानात मिळणारा वीतभर शूहॉर्न येथे निरुपयोगी आहे. खुर्चीच्या पुढच्या कडेशी बसून उजवा पाय समोर लांबवावा, बोटे आत गेली की शूहॉर्नचे पाते टाचेमागे उभे धरावे आणि टाच त्यावरून खाली घसरू द्यावी. पाठ खुर्चीच्या पाठीकडेच राहते. घालताना आधी शस्त्रक्रियेचा पाय घ्यावा आणि काढताना तो शेवटी घ्यावा. एक सवय मात्र आईंना आवर्जून सोडायला सांगा : बसल्या बसल्या पाय बाहेरून मागे दुमडून, टाच वर घेऊन, मागचा पट्टा लावण्याची. बायकांच्या हाताला ती इतकी बसलेली असते की ध्यानातही येत नाही, आणि तिच्यात वाकणे व पाय आत वळणे ही दोन्ही पथ्ये एकदमच मोडतात. नवी सँडल त्यांना जमत नाही ती बहुधा या पट्ट्यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

म्हणून टाच मागून बंद आणि ताठ, वर रुंद वेल्क्रो, खाली खाचांचा रबरी तळ आणि टाच जवळजवळ सपाट, असा हलका बूट घ्या. वेल्क्रो आधीच बेताने लावून ठेवला, तर रोज हात लावावा लागत नाही. माप संध्याकाळी घ्या, कारण या दिवसांत पावलावर सूज असते आणि सकाळी बसणारा बूट सायंकाळी रुततो. कोल्हापुरीचा चामडी तळ ओल्या फरशीवर घसरतो. शिवाय मागून उघडी चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटे आवळून पाय ओढत चालावे लागते, आणि वॉकरबरोबर तसे चालणे धोक्याचे आहे. घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालण्यापेक्षा असाच दुसरा जोड वापरावा.

मोज्यांसाठी मी जुन्या प्लॅस्टिक फाइलचे पान पन्हाळीसारखे वळवून, एका टोकाच्या दोन भोकांत लांब नाडी ओवली होती आणि कडांना चिकटपट्टी लावली होती. नाडीचे टोक मोकळे ठेवून उरलेल्या पन्हाळीवर मोजा पंजापर्यंत चढवायचा, ती जमिनीवर सोडायची, पाऊल आत सरकवायचे आणि दोन्ही हातांनी नाडी ओढायची. मोजा पायावर राहतो आणि प्लॅस्टिक मागून निघून येते. सुजेसाठी दिलेले घट्ट मोजे मात्र असे चढत नाहीत, ते दुसऱ्यानेच घालावेत.

पाचव्या आठवड्यात पलंगाखाली गेलेली सपाता काढायला मी वाकले आणि खुब्यात अशी कळ आली की श्वास अडकला. सुदैवाने सांधा जागेवर होता. त्या दिवसापासून टोकाला चिमटा असलेली लांब काठी माझ्या उशाशी असे. आईंना कधी अचानक तीव्र वेदना झाली, पाय आखूड किंवा वळलेला दिसला अथवा त्यावर भार देता येईना, तर त्यांना उभे करण्याचा प्रयत्न न करता लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि सर्जनना कळवा.

कोल्हापुरी फेकू नका, पण पथ्ये संपल्याचे सर्जन सांगेपर्यंत ती आईंच्या नजरेआड, माळ्यावर ठेवा.