गुडघे पुरवून वापरणाऱ्या काकू

"मॅडम, गादी झिजलीय. आता आहेत तेवढे गुडघे पुरवून पुरवून वापरायचे."

झोप येत नाही, चिडचिड होते, सुनेशी खटके उडतात, अशी कारणं घेऊन माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे वाक्य थोड्याफार फरकाने येतंच. म्हणून गुडघ्यांचा संधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) असलेल्या, पंचवटीतल्या ६२ वर्षांच्या एका काकूंबद्दल लिहिते. ओळखीचे तपशील बदलले आहेत.

काकूंचं रोज सकाळी रामकुंडावर जाणं बंद झालं होतं. भाजी सून आणायची. चैत्रातलं सप्तशृंगी गडावर जाणंही सुटलं. सहा महिने गुडघे जपले. तेवढ्यात वजन वाढलं, मांड्यांतली ताकद गेली आणि दुखणं आणखी वाढलं.

मी काही हाडांची डॉक्टर नाही. काकूंच्या परवानगीने त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घेतलं. पण माझं एक ठाम मत आहे: आजाराला मनात जे नाव दिलं जातं, त्याप्रमाणे माणूस वागू लागतो. 'झीज' म्हटलं की चपलेचा तळ आठवतो, आणि चप्पल वाचवायची तर चालायचंच नाही! म्हणून "चाला, व्यायाम करा" हा उपदेश मी तीन भेटी मुद्दाम टाळला.

चौथ्या भेटीत काकू बोटातली अंगठी फिरवत बसल्या होत्या. मधल्या पेरावर गाठ आली होती, अंगठी तिथेच अडायची.

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात आहे तेच बोटात आहे."

मी गप्प राहिले. काकूंनी हात उलटापालटा करून पाहिला.

"पण मॅडम, हातावर तर मी कधी चालले नाही."

हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर वाया गेलं असतं. ते त्यांचं त्यांना सापडलं. थांबता आलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

मग बोलणं सोपं झालं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे काकू जिला 'गादी' म्हणत होत्या तिला, ना रक्तवाहिन्या, ना नसा; ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं हाड आणि सांध्याचं आतलं अस्तर. कूर्चेचे सुटलेले कण त्या अस्तराला डिवचतात, तिथे मंद सूज धुमसत राहते, आणि सुजेतून सुटणारी इंटरल्युकिनसारखी रसायनं कूर्चेला आणखी पोखरतात. शरीरातली जादा चरबीही अशी रसायनं सोडते. म्हणूनच वजन जास्त असलेल्यांमध्ये, ज्यावर भार येत नाही त्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार अधिक दिसतो. भाराचा वाटा आहेच: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, घटलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी कमी आढळला. आणि कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, हालचालीने. बसून राहिलं की तेही आटतं.

सूज म्हटल्यावर कुणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. त्यांनी दुखणं दबतं, आजार थांबत नाही. पोट आणि मूत्रपिंडांना मात्र धोका असतो. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला, ताप आला, तर थेट डॉक्टरांकडे जावं.

फिजिओथेरपिस्टने मांड्यांचे व्यायाम शिकवले, चालणं दहा मिनिटांपासून सुरू झालं. दुखणं गेलं नाही, कमी झालं. झोप त्याआधीच सुधारली होती.

शेवटच्या भेटीत काकूंनी हात पुढे केला. अंगठी कापून मोठी करून घेतली होती, सराफ बाजारातून. पूल ओलांडून, चालत गेल्या होत्या.