सगळे रस्ते सिमेंटचे केले, तर पावसाळ्यात पुणं ठप्प व्हायचं थांबेल का?

नाही थांबणार. सिमेंटच्या रस्त्याला खड्डे कमी पडतात, हे खरं. पण पाण्याला जायला वाट नसेल, तर ते सिमेंटवरही तसंच तुंबतं. रस्ते आणि मोऱ्यांच्या (म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्याच्या वाटांच्या) कामांवर साइट इंजिनिअर म्हणून माझी बावीस वर्षं गेली, त्यावरून सांगतो.

साधा हिशोब बघा. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख लिटर पाणी होतं. तिथे शेत असेल तर बरंचसं मातीत मुरतं, उरलेलं सावकाश ओढ्याला लागतं. त्याच जागी इमारती, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक आले, की जवळजवळ सगळं पाणी एकदम ओढ्यात उतरतं. कात्रज, आंबेगाव, धनकवडीचे उतार आमच्या डोळ्यांदेखत असे भरत गेले आणि खालच्या मोऱ्या जुन्याच मापाच्या राहिल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याचा लोंढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत घुसला. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून मोरीचं माप कागदावर लिहिताना माझा हात थबकतो.

मोठ्या ओढ्यांचं राहू द्या, रस्त्याच्या कडेची जाळी बघा. गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी साचलं होतं. रिक्षा बंद पडलेली, मागे बस अडकलेली. पावसाळी गटाराची जाळी तिथेच होती, पण उन्हाळ्यात डांबराचा नवा थर टाकताना तिची अर्धी भोकं बुजवून टाकलेली. आम्ही तिघांनी पहारीने ते डांबर फोडलं, तर आतून नारळाच्या शेंड्या, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या निघाल्या. पंधरा-वीस मिनिटांत पाणी घोट्यावर आलं आणि बस गेली. (साचलेल्या पाण्यात चेंबरचं झाकण मात्र कधीही काढू नका. मागून येणाऱ्याला ते उघडं भोक दिसत नाही.) जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, एवढं पाळलं तरी असे कितीतरी कोपरे सुटतील.

दुसरी गोष्ट पर्यायी वाटेची. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि लोक चिडतात. मला तर तो पूल शहाणा वाटतो. बुटका आहे, पूर त्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि पाणी ओसरलं की गाळ काढून वाहतूक सुरू. तोवर दुचाकीवाले झेड ब्रिजने, बाकीचे लकडी पुलाने किंवा म्हात्रे पुलाने जातात. पूल बुडाला तरी वाहतूक चालू राहते.

याउलट पुणे-बंगळूर महामार्ग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला त्यावर पंचगंगेचं पाणी आलं आणि काही दिवस वाहतूक बंद पडली. ट्रकच्या रांगा लागल्या, कारण तेवढी अवजड वाहतूक पेलणारा दुसरा रस्ताच नव्हता. अशा ठिकाणी रस्ता नुसता भराव टाकून उंच केला, तर तोच बंधारा होतो आणि पाणी वरच्या गावांत शिरतं. खांबांवर उचलला किंवा भरावात पुरेशा मोऱ्या ठेवल्या, तर नदीलाही पसरता येतं. यात खर्च जास्त आहे, मान्य. पण मला विचाराल तर सिमेंटीकरणाचा पैसा आधी इथे आणि ओढ्यांवरच्या मोऱ्यांत घालावा.

तुमच्या रस्त्यावरची जाळी मे महिन्यातच बघून ठेवा. डांबराखाली गेली असेल तर फोटो काढून तेव्हाच तक्रार करा. जूनमध्ये सगळी माणसं पंप घेऊन धावत असतात, पहार मारायला कुणाला सवड नसते.