पत्रातला कर्ता कुठे गेला?

प्रश्न : मी एका खासगी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करते. परिपत्रकं, मेमो, कामगारांच्या ग्रुपवरच्या सूचना मराठीतून मीच लिहिते आणि दोनदा वाचल्याशिवाय पाठवत नाही. साहेब म्हणतात, "समोरच्याला कळलं ना? मग एवढा काथ्याकूट कशाला?" एका स्वल्पविरामावरून अमेरिकेत खटला झाला होता म्हणे. खरं का? आणि मराठीत एवढा फरक पडतो का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : खटला खरा आहे. मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमच्या पैशांसाठी दावा लावला होता. ज्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही, त्यांची यादी तिथल्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी ‘वितरण’ होतं, पण त्याच्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे स्वतंत्र काम, की वितरणासाठी केलेलं पॅकिंग, हे ठरेना. चालक माल पोचवत, पॅकिंग करत नसत. मजकूर संदिग्ध आहे असं म्हणत अपील न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मी आस्थापना शाखेत वर्षानुवर्षं मसुदे तपासले. मराठीत जास्त घात करतो तो अनुस्वार. ‘वरील कर्मचाऱ्याचे वेतन रोखावे’ आणि ‘वरील कर्मचाऱ्यांचे वेतन रोखावे’. वर तीन नावं असतील, तर लेखा शाखेतल्या माणसाने काय करायचं? विचारायला कुणी भेटलं नाही, तर तो तिघांचंही रोखेल. मग ज्यांचा काही संबंध नाही, त्या दोघांचा घराचा हप्ता चुकतो. हा त्रास मी जवळून पाहिलाय, म्हणून अनुस्वाराला ‘बारीकसारीक’ म्हटलेलं मला खपत नाही.

नकाराचंही तसंच. ‘सर्व अर्ज मंजूर झालेले नाहीत’ म्हणजे एकही नाही, की काही राहिलेत? त्यापेक्षा ‘अकरापैकी चार मंजूर, सात प्रलंबित’ लिहा.

‘२५ तारखेपर्यंत रजेवर असलेल्यांनी अर्ज द्यावेत.’ रजा २५ पर्यंत, की अर्ज? तारखेनंतर स्वल्पविराम दिला तर थोडं सावरतं, पण इथे मी शब्दच हलवीन : ‘रजेवर असलेल्यांनी २५ तारखेपर्यंत अर्ज द्यावेत.’ विरामचिन्हावर सगळा भार टाकावा लागत असेल, तर वाक्य पुन्हा लिहावं.

आणि ते आपलं लाडकं ‘कार्यवाही करण्यात यावी’! कुणी करायची? कर्ता नसलेलं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं आणि शेवटी स्मरणपत्र काढावं लागतं. ‘भांडारपालांनी शुक्रवारपर्यंत साठा मोजून अहवाल द्यावा’ असं लिहिलं की काम कुणाचं, हे विचारावं लागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ पाळावेतच, पण वेळ थोडा असेल तर आधी नावं आणि आकडे तपासा. अनुभव प्रमाणपत्रातलं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं नाही, तर खेटे त्या माणसाला घालावे लागतात, आपल्याला नाही.

साहेबांशी वाद घालू नका. त्यांना कळतं, कारण विषय त्यांच्यासमोरच झालेला असतो. सूचना वाचणारा रात्रपाळीचा सुपरवायझर त्या बैठकीत नव्हता, आणि रात्री दोनला तो तुम्हाला फोनही करणार नाही. असं एखादं वाक्य साहेबांपुढे ठेवा आणि विचारा, "सर, यावरून तुम्ही नेमकं काय केलं असतं?"

एक मात्र सांभाळा. सहकाऱ्याची चूक ग्रुपवर चारचौघांत दुरुस्त करू नका. माणूस दुखावतो आणि पुढे लिहायचंच टाळतो. त्याला बाजूला बोलावून सांगा, आणि सुधारलेली सूचना त्याच्याच नावाने जाऊ द्या.