दिवाळीनंतरची परसबाग: आधी वाफसा बघ

भावा, दिवाळी झाली म्हणून लगेच कुदळ उचलू नकोस. आपल्याकडची काळी माती परतीच्या पावसानं आतून अजून ओली असते. मूठभर माती वळून बघ. गोळा हाताला चिकटला तर थांब. अंगठ्यानं दाबल्यावर भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली. चिखलात खणलंस तर अशी ढेकळं होतात की हिवाळाभर फोडत बसशील.

मेथी, पालक, मुळा आता टाक. मेथी सगळी एकदम नको. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक वाफा पेर, नाहीतर सगळी भाजी एकाच आठवड्यात येते आणि शेजाऱ्यांना वाटत फिरावं लागतं. धणे अख्खे पेरू नकोस. हलके रगडून दोन फाकी कर, रात्रभर भिजव. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, रोज माती उकरून बघू नको! लसणाच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवड, टोक वर ठेवून लाव. कोबी-फ्लॉवरची मात्र पहिल्या वर्षी तयार रोपंच आण.

ऊसतोड सुरू झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, माग. लोक ते जाळतात, मला ते बघवत नाही. टोमॅटो-वांग्याच्या बुडाशी चार बोटं जाड पसर, खोडाला चिकटवू नको. पाणी बरंच कमी लागतं.

ढगाळ हवा आली की पानांच्या मागं बघ. मुंग्या शेंड्याकडं चढताना दिसल्या तर बहुतेक मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असणार समज. 5 टक्के निंबोळी अर्क फवार, संध्याकाळी, पानांच्या खालूनही.