यंत्र बसवा, पण नळीत कोण फुंकतो तेही पाहा

तुमच्या मोठ्या भावाच्या दोन ट्रॅव्हलर रात्री-अपरात्री विमानतळाच्या भाड्यावर जातात. चालकाने फुंकून श्वासात दारू नाही हे दाखवल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही असे यंत्र त्यांत बसवावे का, त्याचा खरोखर उपयोग होतो का आणि घ्यायचे तर कोणते, असे तुम्ही विचारले आहे. बसवा. याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि ती का नाही हे सांगण्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे.

सिन्नरहून अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचे कामगार नेणाऱ्या आमच्या चार बस होत्या. धंदा दादांनी उभा केला होता; हिशेब आणि गाड्यांची देखभाल माझ्याकडे होती. 2019 च्या दिवाळीनंतर मी त्यांपैकी एका बसमध्ये हे यंत्र बसवले. ते स्टार्टरच्या वायरिंगमध्ये जोडलेले असते. चावी फिरवून नळीत फुंकायचे, आणि श्वासातले अल्कोहोलचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच स्टार्टर चालतो. दादांना ते पहिल्या दिवसापासून रुचले नाही. त्या बसवरच्या चालकांना आम्ही सगळेच मामा म्हणत असू. "बावीस वर्षांत ज्यांनी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, त्यांना तू रोज पहाटे फुंकायला लावणार? ते सोडून गेले तर स्टेअरिंगवर तू बसणार आहेस का?" असे दादांनी मला सर्वांसमोर विचारले होते.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी मी यंत्रातल्या नोंदी उतरवून घेतल्या. गुरुवारच्या पहाटेच्या तीन ओळी मला आजही पाठ आहेत. 5.21 ला 47, गाडी बंद. 5.24 ला शून्य, गाडी सुरू. 5.46 ला, म्हणजे चालत्या गाडीत यंत्राने पुन्हा फुंकायला सांगितले तेव्हा, परत शून्य. 47 म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 47 मिलिग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा 30 आहे. तीन मिनिटांत 47 चे शून्य कोणाच्याही रक्तात होत नाही. मी क्लीनरला बाजूला घेऊन विचारले. एकोणीस वर्षांचा मुलगा तो. त्याने लगेच सांगून टाकले. "मी दादांना फोन केला होता. ते म्हणाले, मशीन बिघडलं असेल, तू फुंक आणि गाडी काढ, पाळी चुकली तर कंपनी पैसे कापते." त्या बसमध्ये त्या दिवशी अडतीस माणसे होती, आणि ती अंधारात मोहदरी घाट उतरून गेली.

मामांनी पहाटे थेंबही घेतला नव्हता. आदल्या रात्री पुतण्याच्या हळदीत साडेअकराच्या सुमारास त्यांनी एक क्वार्टर संपवली होती. नंतर ते झोपले, उठून आंघोळ केली, चहा घेतला आणि गाडीवर आले. "झोप झाली म्हणजे उतरली, असं मी आजवर समजत आलो," असे ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते. पण हिशेब मांडून पाहा. 180 मिलिलिटर, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम. साधारण 65 किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात त्यामुळे प्रमाण 130-140 पर्यंत चढू शकते, आणि शरीर ते तासाला साधारण 15 या गतीनेच कमी करते. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. 30 च्या खाली यायला सात तास लागतात, आणि मामांच्या हाती सहाच तास होते.

म्हणूनच मी म्हणतो की या यंत्राचा खरा उपयोग झिंगलेल्या माणसासाठी नाही. तो लांबूनही ओळखू येतो. उपयोग आहे तो आपण पूर्ण शुद्धीवर आहोत अशी प्रामाणिक समजूत असलेल्या, पहाटे गाडी काढणाऱ्या चालकासाठी, ज्याला त्या वेळी अडवायला नाक्यावर कोणी उभे नसते. त्यात अपमान कसला? आमच्या शेजारचे गृहस्थ रेल्वेत लोको पायलट आहेत. इंजिनावर चढण्याआधी ते लॉबीत, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावण्याच्या कार्यालयात, फुंकतात. विमानाच्या वैमानिकांचीही तीच चाचणी होते. फिनलंडमध्ये शाळकरी मुलांची ने-आण करणाऱ्या कंत्राटी गाड्यांत 2011 पासून हे यंत्र सक्तीचे आहे, फ्रान्समध्ये 2015 पासून सगळ्या प्रवासी कोचमध्ये. तिथल्या चालकांना मान नसतो असे कोणी म्हणेल का?

आता कोणते घ्यायचे. अल्कोहोल ओळखणारा सेन्सर फ्युएल सेल प्रकारचा असलेले घ्या. सेमीकंडक्टर सेन्सरचे स्वस्त यंत्र अल्कोहोल नसलेल्या वाफांनाही दाद देते, आणि अशा दोन खोट्या नकारांनंतर चालकाचा त्यावरचा विश्वास कायमचा उडतो. फुंकणाऱ्याचा फोटो टिपणारा कॅमेरा असल्याशिवाय पैसे घालू नका. आमच्या यंत्राला तो नव्हता, आणि पुढचे सारे त्यामुळेच घडले. कंपनीचे नाव मी सुचवणार नाही. तुमच्या गावाजवळ कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे बरोबर येतात का ते तपासून जुळवणे, कोण करून देतो ते पाहून निवडा, कारण ते ठरलेल्या मुदतीत झाले नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. माउथवॉशने किंवा नुकत्याच घेतलेल्या घोटाने आकडा खोटा चढतो, म्हणून चूळ भरून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकू द्यावे. चालत्या गाडीतल्या चाचणीत नापास झाल्यास यंत्र इंजिन बंद करत नाही, तसे करणे धोक्याचे ठरेल. ते फक्त इशारा देते आणि नोंद ठेवते. गांजा आणि झोप यांना ते पकडत नाही, आणि रात्रीच्या भाड्यांत झोप हा तितकाच मोठा धोका आहे.

भावाशी बोलताना मात्र एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. नोंदी तुमच्याकडेही आल्या पाहिजेत, आणि "दुसऱ्याने फुंका आणि गाडी काढा" असा फोन करण्याचा अधिकार मालक म्हणून त्यांनाही असता कामा नये. माझे दादा आजही म्हणतात की त्या दिवशी काहीच झाले नाही, म्हणजे यंत्राची गरज नव्हती. घाटात समोरून कोणी आडवे आले नाही, एवढेच त्या दिवशी झाले. मामांना मी कामावरून काढले नाही. त्यांना दुसऱ्या पाळीची गाडी दिली. कॅमेऱ्याचे यंत्र आल्यावर निवृत्त होईपर्यंत ते रोज स्वतः फुंकून गाडी काढत राहिले, आणि अपमान झाला असे ते मला एकदाही म्हणाले नाहीत.