लहानपणी अनेकदा हिवताप येऊन गेला असेल, तर मोठेपणी गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते का?

आपले बालपण गडचिरोलीत गेले, तेव्हा हिवताप अनेकदा येऊन गेला, आणि आता पंधरा वर्षे पुण्यात काढून आपण पुन्हा गावी राहायला निघाला आहात. रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, सापडली तर निर्धास्त राहता येईल का, असे आपण विचारले आहे. त्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासत आले आहे. फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी, याच्या पट्टीवर बहुधा अंगठीच्या आकाराचे कोवळे परजीवीच दिसतात. वाढ झालेले क्वचितच. परजीवी वाढू लागला की तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ नावाचे प्रथिन आणतो, आणि त्याच्या जोरावर ती पेशी मेंदूतील किंवा मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. म्हणूनच पट्टीवर परजीवी थोडे दिसत असतानाही रुग्ण अत्यवस्थ असू शकतो.

हे चिकटणे रोखणारी प्रतिपिंडे शरीर तयार करते, पण एका परजीवीच्या जनुकसंचात या प्रथिनाची सुमारे ६० निरनिराळी जनुके असतात, तो एका वेळी बहुधा एकच वापरतो आणि प्रतिपिंडांनी ते रूप ओळखले की दुसऱ्या रूपाचे परजीवी डोके वर काढतात. शिवाय दुसऱ्या परजीवीचा संच पुन्हा वेगळा असतो. त्यामुळे प्रतिपिंडे आहेत का, यापेक्षा ती कोणत्या रूपांविरुद्ध आणि किती प्रमाणात आहेत, यावर सारे अवलंबून असते. नेहमीच्या चाचणीतून हे कळत नाही. पूर्वी संसर्ग होऊन गेला, एवढेच कळते.

प्रतिपिंडे कुचकामी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. १९६१ साली पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बियात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा भाग, आजारी मुलांना टोचले, तेव्हा मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. मात्र ते प्रौढ वर्षानुवर्षे सतत डास चावणाऱ्या मुलखात राहत होते. तशी उजळणी थांबली की प्रतिपिंडांची पातळी उतरत जाते. स्मृतिपेशी, म्हणजे पूर्वीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी, काही काळ टिकतात, आणि म्हणून आपल्याला होणारा आजार कधीच हिवताप न झालेल्या माणसापेक्षा सौम्य असण्याची शक्यता आहे. पण शक्यता म्हणजे हमी नव्हे.

वयाचाही विचार करावा लागतो. आफ्रिकेतील लहान मुलांमध्ये तीव्र रक्तक्षय आणि मेंदूचा हिवताप अधिक आढळतो. आपल्याकडील प्रौढांमध्ये मात्र कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे आणि फुप्फुसांत पाणी भरणे यांचे प्रमाण मोठे असते, आणि अनेकदा हे सारे एकाच रुग्णात एकत्र येते.

गावी मच्छरदाणी नियमित वापरावी आणि ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. गुंगी, धाप, पिवळे डोळे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. तेथे आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतात. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातील, बहुतांश प्रौढ असलेल्या गंभीर रुग्णांवरील २००५ सालच्या चाचणीत क्विनीन हे जुने औषध घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के.